सेंद्रिय दुकानात काय पाहावे, काय विचारावे : वाचकांचे प्रश्न

सेंद्रिय आणि आरोग्यदायी म्हणून विकल्या जाणाऱ्या किराण्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या भागात चालत जाण्याच्या अंतरावर तीन पर्याय आहेत. एक चकचकीत सेंद्रिय दुकान, एक शेतकरी गटाचे छोटे दुकान आणि सुपरमार्केटमधले ‘ऑरगॅनिक’ कपाट. एकाच वस्तूचे तिन्हीकडे तीन भाव. तुलना करायची तरी कशी? (वाचक, कोथरूड, पुणे)

तुलना दुकानाची करायला गेलात की गोंधळ होतो. एकाच दुकानातली तूरडाळ उत्तम आणि मध संशयास्पद असू शकतो, कारण दुकानदार वीस-पंचवीस ठिकाणांहून माल आणतो. म्हणून आधी तुमच्या घरी दर महिन्याला लागतातच अशा सहा वस्तू ठरवा. उदाहरणार्थ तूरडाळ, तांदूळ, ज्वारी, शेंगदाणा तेल, गूळ आणि हळद. एका आठवड्यात तिन्हीकडे जाऊन फक्त या सहांचीच नोंद करा.

भाव लिहिताना पाकिटाची किंमत लिहू नका, किलोचा दर लिहा. ४५० ग्रॅम, ९०० ग्रॅम अशी पाकिटे फसवतात. बहुतेक बंद पाकिटांवर छापील किमतीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दरही छापावा लागतो, तो शोधा. तेलात लिटर आणि किलो यांची गल्लत होते. लिटरभर शेंगदाणा तेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरते, म्हणजे ‘पाच लिटर’ आणि ‘पाच किलो’च्या डब्यांत जवळजवळ अर्ध्या किलोचा फरक पडतो.

मग वाण लिहा. इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांच्या भावांची तुलना निरर्थक आहे. इंद्रायणी हे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोरच्या संकरातून तयार झालेले वाण. त्याला वास आहे, पण दाणा लांबट. आंबेमोहोरचा दाणा आखूड, उत्पादन कमी, म्हणून भाव चढा. इंद्रायणीच्या भावात आंबेमोहोर मिळत असेल तर पाटीवर विश्वास ठेवू नका.

आता दुकानदाराला प्रत्येक वस्तूबद्दल तीन गोष्टी विचारा. माल कुठल्या तालुक्यातला, कुठल्या हंगामातला, आणि पोते कधी फोडले? तूर डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, भात आणि नाचणी दिवाळीच्या आगेमागे. ऑक्टोबरात कोणी ‘नवी तूरडाळ आली’ म्हणाला तर त्याला मालाची माहिती नाही. उलट ‘मागच्या जानेवारीची आहे, कडक उन्हात वाळवून ठेवली आहे’ असे सांगणारा दुकानदार भरवशाचा. सुट्या मालाचे मूळ पोते दाखवायला सांगा. त्यावर उत्पादक, लॉट क्रमांक आणि प्रमाणपत्राचा शिक्का असला पाहिजे. प्रमाणित पोते फोडून दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या पाकिटात भरले जाते, तेव्हा त्या भरणाऱ्यालाही वेगळे प्रमाणपत्र लागते. साखळी बहुतेक वेळा इथेच तुटते आणि गिऱ्हाईक ते कधी विचारत नाही.

शेवटी साठवण पाहा. पोती भिंतीला टेकवून थेट फरशीवर ठेवली आहेत का? तेलाच्या पारदर्शक बाटल्या उन्हाच्या काचेत मांडल्या आहेत का? हातसडीचा तांदूळ आणि बाजरीचे पीठ किती दिवसांचे आहे? हातसडीच्या कोंड्यात तेल असते, त्यामुळे तो काही महिन्यांत खवटतो. बाजरीचे पीठ तर आठवड्या-दोन आठवड्यांत कडू पडते. बाजरीच्या पिठावर सहा महिन्यांची मुदत छापलेली दिसली तर ते घेऊ नका.

आमच्या मते भुसार मालासाठी शेतकरी गटाचे दुकान बहुधा सरस ठरते, कारण तिथे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. त्यांची कमजोर बाजू पॅकिंग आणि साठवण. सुपरमार्केटमध्ये कागदपत्रे नीट असतात, पण माल कपाटात पडून राहतो. म्हणून तिथे पॅकिंगची तारीख आधी वाचा.

प्रश्न : आठवडे बाजारातला शेतकरी म्हणतो, ‘आम्ही औषध मारतच नाही, पण सर्टिफिकेट नाही.’ घ्यावे का? आणि ‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’ म्हणजे सेंद्रिय का? (वाचक, नाशिक)

नियम असा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाबाबतचे नियम २०१७ साली आले आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाले. त्यानुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचे तर दोनपैकी एक प्रमाणीकरण हवे. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, म्हणजे एनपीओपी. यात त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि मालावर ‘इंडिया ऑरगॅनिक’चे चिन्ह येते. दुसरी पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभागी हमी पद्धत. यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी घेतो. दोन्हींसोबत ‘जैविक भारत’चे चिन्ह येते.

पीजीएसची दोन चिन्हे आहेत आणि त्यांतला फरक पैशांत मोजण्याइतका मोठा आहे. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ म्हणजे शेत अजून रूपांतराच्या, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात आहे. ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झाला. एनपीओपीत हंगामी पिकांसाठी हा काळ पेरणीपूर्वी दोन वर्षांचा, तर आंबा-काजूसारख्या बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या सेंद्रिय काढणीपूर्वी तीन वर्षांचा धरतात. ‘ग्रीन’चा माल पूर्ण सेंद्रियच्या भावात घेऊ नका. पण घ्या जरूर, कारण या वर्षांत शेतकऱ्याचे उत्पादन घटते आणि भाव मात्र साधा मिळतो.

तुमच्या बाजारातल्या शेतकऱ्याला नियमात सवलत आहे. वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांच्या आत असलेला मूळ उत्पादक थेट ग्राहकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र ‘जैविक भारत’चे चिन्ह त्याला वापरता येत नाही. त्याच्याकडून घ्यायला हरकत नाही, पण चिकित्सा करा. ‘औषध मारत नाही’ हे अर्धेच उत्तर आहे. तणाला काय करता, बियाण्याला काय लावता, खत कुठले, शेजारच्या बांधाकडून फवारा येतो का, हे विचारा. भेंडीवर किंवा वांग्यावर अळी आली तेव्हा काय केले, हे खरोखर करणारा माणूस तपशिलात सांगतो. निंबोळी अर्क किती टक्के, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) किती दिवसांनी, कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढून पकडणारे) किती, हे त्याच्या तोंडी असते.

‘नॅचरल’, ‘केमिकल-फ्री’, ‘गावरान’ या शब्दांमागे वरीलपैकी कोणतेही प्रमाणीकरण नसते. ते छापलेल्या पाकिटाला सेंद्रियचा भाव देऊ नका.

प्रश्न : दुकानात भिंतीवर प्रयोगशाळेचा अहवाल लावला आहे : ‘कीटकनाशके आढळली नाहीत’. एवढ्यावर विश्वास ठेवावा का? (वाचक, ठाणे)

अहवाल कशाचा आहे ते वाचा. वस्तूचे नाव, लॉट क्रमांक आणि तारीख तुमच्या हातातल्या पाकिटाशी जुळते का? दोन वर्षांपूर्वीच्या गव्हाचा अहवाल आजच्या तांदळाबद्दल काहीच सांगत नाही. ‘नमुना ग्राहकाने दिलेला’ असे लिहिले असेल, तर निष्कर्ष फक्त त्या नमुन्यापुरता आहे. प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता हवी. किती घटक तपासले याची यादी सोबत हवी, कारण ‘आढळले नाही’ हे यादीतल्या घटकांपुरतेच खरे. ग्लायफोसेट हे तणनाशक नेहमीच्या एकत्रित तपासणीत येत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते.

सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश शून्यच असला पाहिजे असे नियम म्हणत नाही. साध्या मालासाठी ठरवलेल्या कमाल मर्यादेच्या ५ टक्के किंवा यंत्राला मोजता येणारी किमान पातळी, यांपैकी जे जास्त असेल तेवढी मुभा आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेले थेंब लक्षात घेऊन ती ठेवली आहे.

प्रश्न : लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल एका ठिकाणी दुसऱ्याच्या निम्म्या भावात मिळते. कुठले खरे? (वाचक, सोलापूर)

याचे उत्तर गणितात आहे. लाकडी घाण्यात सोललेल्या शेंगदाण्याचे तेल वजनाच्या साधारण ४० टक्क्यांच्या आसपास निघते. एक लिटर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो शेंगदाणे लागतात. समजा, चांगला शेंगदाणा १२० रुपये किलो आहे. नुसता दाणाच २७० ते ३०० रुपयांचा झाला. पेंड विकून काही पैसे परत येतात, पण मजुरी, वीज, बाटली आणि दुकानाचा नफा वर चढतो. अशा वेळी २०० रुपये लिटरचे ‘घाण्याचे’ तेल शुद्ध शेंगदाण्याचे असू शकत नाही. त्यात एक तर स्वस्त रिफाइंड तेल मिसळले आहे किंवा दाणा फुटका, जुना, बुरशी धरलेला आहे.

ही दुसरी शक्यता जास्त वाईट. बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होते. रिफाइंड करताना त्यातले बरेचसे निघून जाते, घाण्याच्या तेलात मात्र ते राहू शकते. म्हणून घाण्यावर गेलात की आधी दाणा बघा. मूठभर हातात घ्या. सुरकुतलेले, काळपट, हिरवट-पिवळी पूड धरलेले दाणे दिसले किंवा कुबट वास आला तर परत या. चांगला घाणेवाला दाणा निवडून घेतो आणि तुम्हाला तो दाखवायला कचरत नाही.

ताजे तेल गढूळ असते. ते दोन-तीन दिवस स्थिर ठेवून, गाळ बसल्यावर वरचे तेल कापडातून गाळून भरतात. घाईने भरलेल्या बाटलीत तळाशी गाळ राहतो. त्यात ओलावा असतो, तेल लवकर खवटते आणि तळताना फेसाळते. घरी आणल्यावर स्टीलच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात अंधारात ठेवा आणि तीन महिन्यांत संपेल एवढेच घ्या. करडईचे घाण्याचे तेल लवकर धुरावते, ते फोडणीला आणि चटणीवर घ्यायला ठेवा, तळणीला नको. करडईच्या बियांत तेल कमी असते, लिटरला तीन-साडेतीन किलो बी लागते. त्या हिशेबाने तिथलाही भाव तपासा. खोबऱ्यात तेल साठ टक्क्यांच्या पुढे असते, त्यामुळे तिथे गणित सैल आहे.

‘फ्रीजमध्ये गोठले म्हणजे शुद्ध’ ही चाचणी सोडून द्या. भेसळ अशा घरगुती युक्त्यांनी पकडता येत नाही.

प्रश्न : काळा गूळ म्हणजे सेंद्रिय, पिवळा म्हणजे रसायनाचा, हे बरोबर का? (वाचक, सांगली)

अर्धे बरोबर. गूळ उजळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट घालतात, त्यामुळे लख्ख पिवळ्या ढेपेवर शंका घेणे योग्य. पण काळा रंग हा पुरावा नाही. रस करपला, ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला किंवा मळी नीट काढली नाही, तरी गूळ काळा होतो. रसायनाविना चांगला केलेला गूळ तांबूस-तपकिरी असतो. रस निवळायला गुऱ्हाळात भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात, ते गैर नाही. साखर मिसळलेला गूळ फोडला की चमकदार खडे दिसतात आणि तो खूप कडक असतो.

गुऱ्हाळे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल या काळात चालतात. वर्षाचा गूळ फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्या. पावसाळ्यात रसायनाविना केलेल्या गुळाला पाणी सुटते, त्यामुळे ढेप कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. जुलैत बाहेर ठेवूनही कोरडी ठणठणीत राहणारी ढेप मला तरी संशयास्पद वाटते.

प्रश्न : सेंद्रिय डाळीला आणि मुगाला महिन्यात किडे लागतात. दुकानदार म्हणतो, हीच शुद्धतेची खूण. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ही खूण नव्हे. सेंद्रिय मालाला विषारी धुरी देत नाहीत, त्यामुळे कीड लवकर दिसते एवढेच खरे. साठवण वाईट असेल तर साध्या मालालाही ती लागते. घेताना मूग-चवळीच्या दाण्यावर पांढरे ठिपके (भुंगेऱ्याची अंडी) किंवा गोल भोके दिसली, रव्या-पिठात जाळी दिसली, तर पाकीट तिथेच ठेवा. सोललेल्या डाळीला अख्ख्या कडधान्यापेक्षा भुंगेरा कमी लागतो. घरी साठवणीची अडचण असेल तर डाळच घ्या.

थोडा माल, दोन-तीन किलोपर्यंत, हवाबंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर थंड दाण्यावर बाष्प धरते आणि बुरशी येते. जास्त माल असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस पातळ पसरा, रात्री आत घ्या आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम धान्य कोंडले की आत घाम धरतो. वर्षाचे साठवण बहुतेक घरांत इथेच बिघडते. गव्हाला किलोमागे छोटा चमचाभर एरंडेल चोळले तरी चालते. पाऱ्याच्या गोळ्या मात्र खाण्याच्या धान्यात घालू नका.

प्रश्न : मुलीला सिलिॲक आजार आहे. आरोग्यदायी पदार्थांच्या दुकानात ‘खपली चालेल, त्यात ग्लूटेन नसते’ असे सांगितले. (वाचक, कोल्हापूर)

अजिबात देऊ नका. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन, म्हणजे सिलिॲकमध्ये अपाय करणारे गव्हातले प्रथिन, असते. काहींना तो पचायला हलका वाटतो, पण सिलिॲकमध्ये त्याचा उपयोग नाही, अपायच आहे. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेलेच घ्या. त्यासाठीची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लूटेन ही आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी मुळात ग्लूटेनरहित, पण सार्वजनिक गिरणीत गव्हानंतर दळली की पिठात गहू येतोच. दाणे आणून, निवडून, फक्त त्यांच्यासाठी ठेवलेल्या घरघंटीत दळा. आणखी एक जागा सहसा सुटते ती हिंगाची. बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ असते. तांदळाच्या पिठातला हिंग मागून घ्या आणि घटक वाचा.

प्रश्न : ‘ए२’ तूप ९०० रुपये किलो मिळते आहे. घ्यावे का? (वाचक, डोंबिवली)

‘ए२’ हे दुधातल्या एका प्रथिनाचे नाव. तुपात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तुपावरच्या त्या शिक्क्याला अर्थ नाही. देशी गायीचे तूप हवे असेल तर हिशेब करा. साडेचार टक्के फॅटच्या दुधातून किलोभर तुपाला २३ ते २५ लिटर दूध लागते. ६० रुपये लिटरने धरले तरी दुधाचेच १,३८० ते १,५०० रुपये होतात. ९०० रुपयांत ते मिळणे शक्य नाही.

प्रश्न : महिन्याला सेंद्रियवर हजार-दीड हजारच जास्त खर्च करता येतात. कशापासून सुरुवात करू? (वाचक, नागपूर)

जी पिके जास्त फवारली जातात आणि जी आपण सालासकट, रोज खातो, ती आधी. पालेभाज्या, फुलकोबी, वांगी, टोमॅटो, मिरची. मग तूरडाळ आणि हरभराडाळ, कारण शेंग पोखरणाऱ्या अळीसाठी तुरीवर आणि घाटेअळीसाठी हरभऱ्यावर फवारे होतात. मग तिखट-हळद, त्यात शक्यतो हळकुंडे आणून दळून घ्या. द्राक्षे खात असाल तर निर्यातीच्या बागेतली मिळतात का पाहा, तिथे अंश तपासणी होते.

नारळ, सह्याद्रीच्या उतारावरची नाचणी-वरई, मंगळवेढ्याची कोरडवाहू मालदांडी ज्वारी यांवर मुळातच फवारणी कमी. तिथे प्रमाणपत्राचे जादा पैसे देण्यापेक्षा बचत गटाकडून किंवा थेट शेतकऱ्याकडून घ्या. क्विनोआऐवजी राजगिरा घ्या, स्वस्त पडेल. सैंधव घेतलेत तरी रोजचे आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका.

भगरीबद्दल वेगळे सांगायला हवे. भगरीचे सुटे पीठ, कितीही ‘सेंद्रिय’ असो, घेऊ नका. भगरीला बुरशी लवकर धरते, आणि नवरात्र-महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात त्या बहुधा या पिठाच्या असतात. पाकीटबंद भगर आणून, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळा आणि शिजवलेली त्याच वेळी संपवा.

प्रश्न : माल खोटा निघाला तर तक्रार कुठे करायची? दुकानदार बिलही देत नाही. (वाचक, पिंपरी-चिंचवड)

बिलाशिवाय घेऊच नका. दुकानात अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक लावलेला असतो. १ ने सुरू होणारा क्रमांक परवान्याचा, २ ने सुरू होणारा लहान व्यावसायिकाच्या नोंदणीचा. त्याचा फोटो काढून ठेवा. उरलेला माल, पाकीट आणि बिल सांभाळून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्या. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकाला स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. मात्र असे करणार असल्याचे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावे लागते. अहवालात कायद्याचा भंग आढळला तर ते शुल्क परत मिळते.